दोनशे बारा रिकामे ठोकळे

मी, किशोर काशीराम उतेकर, वय ६३, निवृत्त चिप-अभियंता, रा. वरची वाडी, ता. पोलादपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय (पुतण्या हर्षद रोज फोन करतो, ते दडपण धरलेले नाही) माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. भातशेती व ठेवी हर्षद आणि पुतणी तेजश्री यांना निम्म्या-निम्म्या.

२. घर तेजश्रीला. अट एकच: पडवीलगतची खोली रिकामी ठेवावी. आई, कै. राहीबाई, ती रिकामीच ठेवी. "जागा वाया जाते," असे मी तिला दोनदा पत्राने कळवले होते. २०२१ च्या पावसात शेजारच्या हैबती चोरगे यांचे घर खचले, तेव्हा त्यांची नऊ माणसे तीन महिने त्या खोलीत राहिली. माझी पत्रे ट्रंकेत आहेत, जाळावीत.

३. चिपवरची जागा वाचवल्याबद्दल कंपनीने दिलेले पितळी मानचिन्ह पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वजन म्हणून आहे. तिथेच राहू द्यावे.

४. त्या मानचिन्हाची खरी हकीकत. चिपचा आराखडा ठरीव मापाच्या तयार ठोकळ्यांतून रचतात. ते कमीत कमी जागेत बसवणे हे माझे काम. २००९ साली सहकारी अनुपमा साठे यांनी एका चिपमध्ये दोनशे बारा ठोकळे बिनकामाचे पेरले होते. पुढे चूक निघालीच, तर फक्त वरच्या तारा फिरवून ते कामाला लावता येतात. जागा वाया जाते म्हणून मी ते त्यांना न विचारता काढले. मानचिन्ह त्या वाचलेल्या जागेचे. चूक निघाली. चिप पहिल्यापासून करावी लागली. राखीव ठोकळे कुठे गेले, असे बैठकीत विचारले तेव्हा फाइलवर नाव अनुपमांचे होते आणि मी चहा पीत होतो. त्यांची नोकरी गेली. मला त्याची रोज लाज वाटते. हे कलम त्यांना माझ्या मृत्यूनंतर पाठवावे.

वरील मजकूर वाचून दाखवल्यावर साक्षीदार हैबती म्हणाले, "किशोर, तू मेल्यावर सांगून काय उपेग रे? ती बाय हाय ना जिती? मंग आताच सांग. मेल्यावर तिनं शिव्या कुनाला द्यायच्या?"

सबब कलम ४ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द रद्द. तेथे "आजच" असे वाचावे. खोडाखोडीवर सही केली आहे.

सही: किशोर काशीराम उतेकर
साक्षीदार: १. हैबती चांगू चोरगे २. डॉ. सारिका दीपक सकपाळ
स्थळ: पोलादपूर. दि. १४ नोव्हेंबर २०२५

ता. क. कलम ४ ची प्रत स्पीड पोस्टाने रवाना. पत्ता सोळा वर्षे माझ्याकडे होता. उत्तर येईपर्यंत मरायचा विचार नाही.