तेरच्या देवळाबाहेर दोन जोड चपला

अण्णा, आई तेरला आहे. त्रिविक्रमाच्या देवळाबाहेर बसलीय आणि काही केल्या उठत नाही. सकाळी मी आंघोळ करून आले तर दार सताड उघडं, गॅसवर दूध उतू गेलेलं आणि आई नाही. हल्ली तिला माझं नाव आठवत नाही, पण एस.टी. बरोबर पकडता येते. सोलापुरातल्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या, मग सुचलं, तुमची रविवारची ठिकाणं बघावीत. जीप करून आधी तुळजापूर, मग नळदुर्ग. किल्ल्यातलं ते पाणी बघून काठाकाठानं हाका मारत फिरले, लोक बघत होते.

तुम्हाला तेरचं कोण कौतुक. आठवडाभर मशीनवर वाकून कपडे शिवायचात आणि रविवारी आम्हाला स्कूटरवर कोंबून इकडं आणायचात. "इथली वीट पान्यावर तरंगती, बग," म्हणत भिंतीपाशी रेंगाळायचात, आम्ही भुकेनं कळवळायचो. गर्दीत आईची हमखास चुकामूक व्हायची. एकदा तुळजापुरात ती रडवेली होऊन सापडली, तेव्हा तुम्ही तिला चांगलंच झापलंत. "चुकलीस तर हुडकत फिरायचं न्हाय. चपला काढल्यात तिथंच बसायचं. म्या येतो." तेव्हापासून ती तशीच बसायची आणि तुम्ही यायचात.

आताही तशीच बसलीय. शेजारी तुमच्या चपला मांडल्यात. घरात कुठं जपून ठेवल्या होत्या, मला पत्ता नव्हता. फुलं विकणारी बाई म्हणाली, "दुपारधरनं बसल्यात. मालक आत गेलेत म्हन्त्यात. पानीबी घेईनात." मी हाताला धरलं, तर झटकून म्हणाली, "ह्यांना येऊ द्या की, बाई." मला बाई म्हणाली.

शेवटी मी सांगून टाकलं, की अण्णा जाऊन कितीतरी वर्षं झाली. तुम्हाला घरातून उचललं त्या दिवशी फोडला होता, तसाच हंबरडा फोडला तिनं. लोक धावत आले. थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसलं, देवळाकडं बघितलं आणि म्हणाली, "लई वेळ लावतात बगा." आता हे पुन्हा कोणत्या तोंडानं सांगू? भाऊ पुण्यातून फोनवर म्हणतो, उचल आणि जीपमध्ये घाल. त्याला बोलायला काय जातंय. जीपवाला हॉर्न वाजवतोय, अंधारून यायला लागलंय, तिचे ओठ पार सुकलेत. मला तुमचा राग येतोय, अण्णा. थांबायला शिकवलंत, उठायचं कधी ते मात्र नाही सांगितलंत.

तिच्याजवळ बसून मोबाइलवर हे लिहितेय. पाठवणार कुठं? मगाशी पुजारी दार लावायला आले, आतून कडी वाजली. तेव्हा दाराकडं बघत आईच्या आधी मीच उठून उभी राहिले होते.