सहावी पायरी

८ मार्च

चि. धाकट्यास, अ. आ.

तुझं नाटक पाहिलं. सख्ख्या बहिणीला विसाव्या रांगेत बसवणारा भाऊ विरळाच. आपण दोघांनी तीनदा पाहिलेला तो हसवणारा प्रेमाचा सिनेमा गाण्यांसकट रंगमंचावर मावेल का, याची मला धास्ती होती. आधी तुझं भाषण झालं. टेबलावर मुठी आपटायची खोड गेलेली नाही. सिनेमात नायिकेचा चेहरा पडदाभर दिसतो, इथे मागच्यांना नाकही दिसत नाही. म्हणून चेहऱ्याच्या जागी गाणं हवं आणि ते उसन्या भावनेवर उभं राहत नाही, असं तू गरजलास. टाळ्या मीही वाजवल्या.

मग जिन्यावरचं गाणं आलं. 'अगदी वरच्या पायरीवर बसेन, सहावी करकरते, तुम्ही आलात की आधीच कळेल.' पायरी वाजते, नायिका उठून केस सारखे करते आणि वर येतो घरमालक. मग शिकवणीचे मास्तर. मग पुन्हा घरमालक, विसरलेली छत्री न्यायला. लोक पोट धरून हसत होते. मध्यंतरात मी मान खाली घालून घरी आले.

सिनेमात हे नव्हतं. हे वाक्य मी एकतीस वर्षांपूर्वी एकदाच लिहिलं, चष्म्याच्या दुकानातल्या त्यांना. पत्र तुझ्याच हाती दिलं होतं. त्यांनी ते तुला दाखवलं का? आणखी कुणाकुणाला दाखवलं? खरं ते कळव.

घसा जप. माया आहे, ती तपासायची वेळ आणू नकोस.

तुझी ताई

१३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पाच दिवस कागद फाडतो आहे. त्यांनी कुणालाच काही दाखवलं नाही. पत्र त्यांना मिळालंच नाही.

मी पंधरा वर्षांचा होतो. पुलावर चार मित्र भेटले. मी पाकीट उघडलं आणि तुझ्या आवाजाची नक्कल करत वाचून दाखवलं. ते हसले. माझ्या बोलण्यावर माणसं हसतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि ती चटक आजवर सुटली नाही. ओढाओढीत कागद फाटला. फाटकं पत्र द्यायची लाज वाटली, म्हणून दिलं असं तुला खोटंच सांगितलं. त्या संध्याकाळी वरच्या कठड्याआडून तुला पाहिलं. तू चार वेळा उठलीस.

उसन्या भावनेवर गरजणाऱ्या माझ्याकडे जिन्याचं गाणं लिहिताना दुसरं खरं काही नव्हतं. ते काढून टाकतो.

लोभ असावा, हे लिहायला हात धजत नाही.

धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

तुझ्यावर रागवायला उरलेलं आयुष्य आहे, घाई नाही. पण आज मला माझीच लाज वाटते आहे. त्यांनी वाचलं आणि हसण्यावारी नेलं, असं धरून मी एकतीस वर्षं ते दुकान आलं की रस्ता ओलांडत आले. वाचायचा चष्मासुद्धा दोन बस बदलून दुसरीकडून केला. ते दारातून नमस्कार करत. मी तोंड फिरवत असे. कसल्या अपराधाबद्दल, हे त्या भल्या माणसाला आजही ठाऊक नसेल.

गाणं काढायचं नाही. हसू दे लोकांना. मी होतेच तशी हसण्याजोगी. मात्र पुढच्या प्रयोगाची पहिल्या रांगेतली दोन तिकिटं काढ. एक मला पाठव. दुसरं त्यांच्या हातात स्वतः नेऊन दे, आणि त्या पत्राचं काय झालं ते तोंडाने सांग. यावेळी पुलावर थांबू नकोस.

ताई

२१ मार्च

ती. ताईस, सा. न.

दिलं. सभा गाजवणारा मी दुकानात मुका झालो. चष्मा हवा असेल समजून त्यांनी मला तक्त्यासमोर बसवलं आणि अक्षरं वाचायला सांगितलं. चौथ्या ओळीवर मला वाचा फुटली. मग सगळंच सांगितलं.

ते एक काच पुसत राहिले. मग एवढंच विचारलं, की त्या दिवशी तू जिन्यावर किती वेळ बसली होतीस. दिवे लागेपर्यंत, असं मी म्हटलं. त्यांनी तिकीट खिशात ठेवलं. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

नाट्यगृहाचं दारही करकरतं. रविवारी मी पडद्याआड उभा असेन. ते वाजलं की दर वेळी डोकावेन. तुझ्या शेजारची खुर्ची भरेल तेव्हाच लोभाचं मागणं करीन.

धाकटा