रंग वाळेपर्यंत

प्रिय दादा,

"चार माणसांत तुझं जमायचं नाही," असं तू म्हणायचास. म्हणून सेवा मंडळात मी जरा बिचकतच गेलो.

काल आम्ही दवाखान्याची खोली रंगवली. फरशी माझ्याकडे होती. कडा सरळ ठेवण्याच्या नादात मी दारापासूनच सुरुवात केली आणि शेवटी कोपऱ्यात अडकलो! वाटलं, संपलं, आता काढून टाकतील.

मंडळातले गवंडीकाका दारातून ओरडले, "अरे शहाण्या, स्वतःलाच कोंडलंस की!"

शिंपीणमावशी म्हणाल्या, "राहू दे हो, काम मात्र सुबक केलंय पोरानं." मग त्यांनी झाडूच्या दांड्याला जेवणाचा डबा अडकवून माझ्याकडे सरकवला.

हे पत्र मी टाकणार नाही. मी अडकल्याचं तेवढं तू घरभर सांगशील आणि पुढचं गाळशील. पुढचं असं, की सगळे दाराबाहेर गप्पा मारत बसले आणि रंग वाळेपर्यंत एकही जण घरी गेला नाही.

तुझा,
कोपऱ्यातला भाऊ