तीन शंकू, एक डबा

मी, पत्रेकाम करणाऱ्याची थोरली मुलगी, शाळेत गणित शिकवणारी, घरातली पहिली पदवीधर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करते. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. पण एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहिते, खिडकीशी जाते, परत येते.

१. बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. शिक्षणासाठीच. लग्नाचा विषय निघाल्यास हे कलम मोठ्याने वाचावे.

२. सायकल आत्याला. ती म्हणेल, "या वयात पडू का मी?" पड, पण शिक.

३. मुलींच्या संध्याकाळच्या वर्गासाठी बाबांनी पत्र्याचा दंडगोल डबा, गोल आणि शंकू केले. तिन्हींची उंची आणि रुंदी सारखी असेल, तर शंकूत एक भाग पाणी मावते, गोलात दोन, डब्यात तीन. हे पाठ करून घेऊ नये, ओतून दाखवावे. डबा आणि गोल धाकटीला. वर्ग तिने चालवावा.

४. शंकू बाबांना परत. तीनदा ओतूनही डबा भरत नाही. जन्मभर नरसाळी केलेल्या हाताने डब्याची उंची शंकूच्या तिरक्या बाजूला धरली, शंकू बुटका झाला. मी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हटले, "बाबा, चुकलंय." ते म्हणाले, "गळतंय का? मग काय चुकलं?" तेव्हापासून अबोला आहे. तो कोणाच्या नावे करावा, सुचत नाही.

५. मुख्याध्यापक म्हणाले होते, "तिसऱ्यांदा वरून थोडं ओता, पोरींना काय कळतंय!" हे वाक्य त्यांचे त्यांना परत.

दुरुस्ती, त्याच संध्याकाळी: बाबा आले. पिशवीतून डबा आणि नवा, उंच शंकू काढून खाटेवर ठेवला. म्हणाले, "ओत." मी ओतले. तिसऱ्या वेळी डबा काठोकाठ भरला, थोडे पाणी चादरीवर सांडले.

"सांडलं, बाबा."

"माप बरोबर आहे. हात हलतोय तुझा." मग त्यांनी तो हात धरून ठेवला.

सबब कलम ४ रद्द. नवा शंकूही धाकटीला. आता या मृत्युपत्रातून बाबांना काहीच मिळत नसल्याने त्यांना साक्षीदार होता येते.

स्थळ: स्त्रियांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस
सही: थोरली

साक्षीदार:
१. बाबा (सही डाव्या हाताने, उजवा मोकळा नव्हता)
२. शेजारच्या खाटेवरच्या शिवणकामवाल्या मावशी