विसळून पालथा घातलेला ग्लास

भाऊजी,

त्या सकाळी मी पाणी भरलं, कपडे भिजत घातले आणि भांड्यांकडे वळले, तर ओट्यावर एक ग्लास विसळून पालथा घातलेला. (आशीर्वाद लिहायचा राहिला, तो घ्या. गुडघा कसा आहे? माझी तब्येत ठीक. कुरकुर ऐकायला घरात कोणी नाही, म्हणून ठीक.) जन्मात जेवलेलं ताट न उचलणाऱ्या तुमच्या दादांनी ग्लास विसळला होता! मी शेजारणीला कौतुकाने सांगून आले. पुढे रोजच तो ग्लास पालथा आणि मी रोज खूश. का विसळतात हे कळलं, तोवर त्यांचे डोळे पिवळे झाले होते.

हे आज आठवायचं कारण म्हणजे विद्यापीठ. आमच्या वाचनालयात तिथली एक मुलगी संशोधनासाठी आली होती. तिने विचारलं, यजमानांच्या पिण्याचा घरात त्रास होतो का, कधीच नाही, कधीकधी की नेहमी? मी म्हटलं, आता कधीच नाही, ते वारले. बिचारीचे डोळे भरून आले, मलाच तिला पाणी द्यावं लागलं. तिनेच मग मला वर्गात बोलावलं. समुपदेशन शिकणाऱ्या मुलांच्या सरावासाठी तिथे खोटं घर मांडतात: एक टेबल, एक दारुडा, एक बायको. बायको मी (अनुभव दांडगा). दारुडा त्यांचे प्राध्यापक, जन्मात थेंब न घेतलेले. ते अशा काही झोकांड्या खात आले की कपाळ कपाटावर आपटलं. (तुमचे दादा प्यायले की उलट अगदी सरळ रेघेत चालायचे.) मी त्यांना फैलावर घ्यायचं ठरलं होतं. पण हात आपोआप पुढे गेला, त्यांचा ग्लास उचलला आणि मी तो हुंगला. साधं पाणी होतं. वर्ग खो खो हसला, मीही हसले. ती मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, "काकू, तेव्हा तुम्ही कशा आहात, हे कोणी विचारायचं का?" मी म्हटलं, या प्रश्नाची तालीम नव्हती ना.

नंतर प्राध्यापक टेंगूळ चोळत म्हणाले, हा आजार आहे, वेळेत आला तर माणूस सावरतो, खाली तळमजल्यावर आमचं व्यसनमुक्ती केंद्र सगळ्यांसाठी उघडं असतं. मला इतका राग आला, भाऊजी! पुस्तकं वाचून वाचून मी डोळे फोडले, तरी मी त्याला स्वभाव समजले, सासूबाई नशीब समजल्या, गल्ली माज समजली. आजार कोणीच समजलं नाही.

असो. माझ्या धाकट्या जावेला विचारलंय म्हणून सांगा.

तुमची,
वहिनी

ता.क. मागे तुमच्याकडे आले होते, तेव्हा धाकटी हरखून माझ्या कानात म्हणाली, "ताई, हल्ली हे आपला ग्लास आपणच विसळतात हं!" मी ओट्याकडे पाहिलं. पालथा होता. तेव्हा मी विषय बदलला. आता लिहिते: माझ्याबरोबर केंद्रात चला. पत्र फाडा, मला शिव्या घाला, पण चला.

ता.क. दुसरा. वरचं सगळं काल लिहिलं, पण पेटीत टाकवेना. आज सकाळी केंद्रात जाऊन तुमच्यासाठी वेळ घेतली, दुपारची गाडी धरली आणि आता तुमच्या दाराबाहेर उभी राहून हे लिहितेय, पत्र फटीतून आत सरकवते. बेल वाजवत नाही. वाजवली, तर तुम्ही आधी ग्लास विसळाल.