डाव्या चाकाचे नट

रत्नागिरी, रविवार संध्याकाळ

सर्व्हिसिंगला शोरूममध्ये न जाता गाडीचे पुढचे ब्रेक पॅड सकाळी मीच बदलले. आधीही बदललेत, त्यामुळे धास्ती नव्हती. दुपारी नणंद रुबीना त्याच गाडीतून सासूबाईंना देवरूखला घेऊन निघाली.

चहा गाळताना एकदम मनात आलं, डाव्या चाकाचे नट शेवटी घट्ट आवळले का? जॅक काढला आणि दूधवाल्याने हाक मारली... पुढचं आठवेना. आवळले असतील. आणि नसतील तर? वाटेत निवळीचा घाट.

रुबीना फोन उचलेना. गाडी चालवताना उचलायचा नाही, हे मीच तिला शिकवलंय. शेवटी सासूबाईंना लावला.

"अम्मी, गाडी थांबवायला सांगा. आत्ताच."

त्यांनी कारण विचारलं नाही. गाडी थांबल्यावर मी रुबीनाला डाव्या चाकाचे नट बघायला सांगितलं. थोड्या वेळाने रुबीना बोलली, "भाभी, डाव्या चाकाचे नट हाताने फिरतायत."

"डिकीत पाना आहे. सगळे आवळ. कुठे आहात?"

"घाट उतरून खाली आलोय."

सगळे आवळून झाले असं तिने सांगेपर्यंत मी फोन ठेवला नाही.

दोघी सुखरूप पोचल्या. अम्मी एका शब्दानेही रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटतेय. उद्या त्या त्याच गाडीने परत येणार आहेत. उजव्या चाकाचं मी विचारलंच नाही. आत्ता फोन लावते.