बर्फाच्या खोलीतलं मशीन

५ जुलै २०२५, शनिवार

मशीन आलं! रिक्षात मांडीवर घेऊन आणलं, जितेश आणि मी, आळीपाळीने. बुटांच्या दोन खोक्यांएवढं दिसतं, पण वजन — बाई गं! जुनंच आहे, दोन मालकांच्या हातून आलेलं. अर्धं माझं, अर्धं त्याचं, धाकट्या भावाचं. आत तीन बोर्ड, प्रत्येकावर त्रेसष्ट चिपा. दिवसरात्र आकडे फोडत बसायचं आणि बिटकॉइनचा कण कण गोळा करायचा, एवढंच त्याचं काम.

अकरा वर्षं मिरा रोडच्या दुकानात बोर्ड दुरुस्त केले. दुकान बंद झालं आणि दोन वर्षं सोल्डरिंगची गन कपाटात पडून होती. आज काढली. हात काही विसरले नाहीत!

रामनाथने बाल्कनीत जाड वायर ओढून वेगळा पॉइंट काढून दिला. नवरा स्टीलच्या गाळ्यात फिटर असल्याचा फायदा. (तोंडावर अहो, वहीत रामनाथ.)

६ जुलै, रविवार

चालू केलं. दोन मिनिटांत शेजारचे काका दारात. "सुगंधाभाभी, घर में विमान उतारा है क्या?"

म्हटलं, पंखा आहे.

"इतना बडा?"

मग गिझर लावला तर खटका पडला. परत लावला, परत पडला. बाल्कनीत हवा कोंडते, तीच गरम हवा मशीन परत ओढतं. पंच्याण्णव डिग्रीला जाऊन आपलं आपण बंद! रामनाथ हसून हसून लोळला.

८ जुलै, मंगळवार

लिफ्टमध्ये नोटीस. "रहिवाशांनी घरात कारखाने चालवू नयेत." नाव नाही घातलं. घालायची गरजच काय!

१३ जुलै, रविवार

मशीन उत्तनला, माहेरी नेलं. बाबांची बर्फाची खोली रिकामीच आहे — होडीला लागणारा बर्फ ते तिथे साठवायचे. बाबा गेल्यावर ती आय, मी आणि जितेश, तिघांच्या नावावर झाली. जाडजूड भिंती, मध्ये थर्माकोल. मनात म्हटलं, थंड खोली, थंड मशीन, किती गं हुशार तू सुगंधा!

तासाभरात भट्टी झाली. बर्फ टिकावा म्हणून बांधलेली खोली! आतली थंडी बाहेर जाऊ देत नाही, तशी गरमीही जाऊ देत नाही. एवढं साधं डोक्यात आलं नाही. जितेश म्हणतो, "ताई, आत पाव भाजून विकूया." दात काढतोय मेला.

२० जुलै, रविवार

रामनाथने सुट्टी घालवली माझ्यासाठी. ड्रिल घेऊन आला, भिंतीला दोन भोकं पाडली. समुद्राकडच्या भोकातून हवा आत, त्याला जाळी आणि एसीचा फिल्टर — खारा वारा नुसता आत घेतला तर बोर्ड कुजतील. दुसऱ्या बाजूने पत्र्याचं नळकांडं, गरम हवा मागच्या पडवीत. नळकांडं त्याने गाळ्यातल्या पत्र्याचं स्वतः वळवून आणलं, एक सुरकुती नाही.

अडुसष्ट डिग्री! दिवसभर हललं नाही. पडद्यावर त्रेसष्ट, त्रेसष्ट, त्रेसष्ट. सगळ्या चिपा जाग्या.

असा नवरा मिळायला नशीब लागतं. इथेच लिहिते. तोंडावर सांगितलं तर डोक्यावर बसेल.

३० जुलै, बुधवार

खरं सांगायचं तर मशीन जेवढा करंट खातं तेवढंही देत नाही. जितेशला अजून बोलले नाही. पण हे बंद पडलं तर मी परत घरात भाजी निवडत बसणार. नको! काहीतरी सुचेल.

१२ ऑगस्ट, मंगळवार

सुचलं! मला नाही, आयला. नारळीपौर्णिमा झाली, होड्या गेल्या, बोंबील आले — आणि बाहेर धो धो. सुकवणार कुठे? आय पडवीत उभी राहिली, नळकांड्यापुढे हात धरला. म्हणाली, "ही हवा फुकट जाते हाय का?"

पडवीतच बांबू बांधले. बोंबील तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने टांगले. दीड दिवसात कडकडीत! ऑगस्ट महिन्यात! आय शेजारणींना बोलवून बोलवून दाखवतेय, "सूर्य न्हाय, तरी सुकलं. माझ्या सुगंधाने सुकवलं." आता चार घरचे बोंबील माझ्याकडे. मशीनचा खर्च बोंबील काढतात आणि बिटकॉइन वरची शेव.

बाबांच्या खोलीत परत माशांचा धंदा. मला रडूच आलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

रामनाथ म्हणाला, "तुझ्या केसांनासुद्धा बोंबलाचा वास येतो." म्हटलं, कोळ्याची पोर केलीत, मोगऱ्याचा येणार का? हसला नाही. मी उत्तनहून रात्री पोचेपर्यंत चपात्या त्यानेच लाटल्या होत्या. चांगल्या लाटतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

मशीन उघडून साफ केलं. एका बोर्डावर गरमी खेचणारी पट्टी सुटली होती, ती परत चिकटवली. तिन्ही बोर्डांच्या कोपऱ्यात नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला — दुकानातली सवय. आपला हात लागलेला बोर्ड आपल्याला ओळखू यायला हवा. बुधवारपासून पाच दिवस गणपती, मी इकडे भाईंदरलाच. आयला सांगितलंय, कशाला हात लावू नकोस, नुसते बोंबील उलटे कर.

१ सप्टेंबर, सोमवार

मेलं. शून्य, शून्य, शून्य. तिन्ही बोर्ड.

समुद्राकडच्या भोकापुढे खारवलेले बांगडे टांगलेले! ओळीने! मिठाचं पाणी गळतंय. आयला विचारलं तर साधेपणाने म्हणाली, "पडवीत जागा न्हवती. आनि मासा नेहमी वाऱ्याकडे तोंड करून टांगायचा. वारा तिथनं आत जातो ना?"

साठ वर्षं मासा वाऱ्याकडे टांगलाय तिने. तिला काय माहीत तिकडून मशीन श्वास घेतं! सांगायला हवं होतं. कशाला हात लावू नकोस म्हटलं, भोकाचं सांगितलं नाही. चूक माझी.

३ सप्टेंबर, बुधवार

पॉवर सप्लाय बरोबर. केबल बदलून बघितल्या. पंख्याच्या बाजूने टॉर्च मारला — बोर्डांवर हिरवट पांढरं चढलेलं. पुढे बघवेना. झाकण लावलं आणि पायरीवर बसून राहिले.

७ सप्टेंबर, रविवार

जितेश भडकला. "ताई, अर्धं माझं होतं ना? बांगडे वाळवायला घेतलं होतं का आपण?" आय तिथेच उभी, तोंड एवढंसं झालेलं. मी म्हटलं, मी टांगले बांगडे. मीच. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "आता हात लावू नकोस मशीनला."

आयला मी बोलू दिलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर घरीच. रामनाथ खूप सांभाळून घेतोय. चहा हातात आणून देतो. आज म्हणाला, "जितेशचं नुकसान मनाला लागलंय ना तुझ्या? मग खोलीतला तुझा हिस्सा सोडून दे त्याला. हक्कसोड लिहून दे. बहिणी देतातच. तू मोकळी, तो खूश."

बाबांची खोली. पण सगळ्याच बहिणी देतात, हे खरं. आणि मी तर भावाचं मशीन खाल्लं.

२८ सप्टेंबर, रविवार

हो म्हटलं. रामनाथनेच वकील बघितला, कागद टाइप करून आणले, जितेशशीही तोच बोलला. १७ ऑक्टोबरला रजिस्टर करायचं. नावापुढे "स्वखुशीने" लिहिलंय. स्वखुशीने!

१२ ऑक्टोबर, रविवार

उत्तनला गेले, सामान आवरायला. खोली रिकामी करून द्यायची ना. मशीन भंगारात घालण्याआधी म्हटलं, एकदा शेवटचं उघडते. त्याची माफी मागायला म्हणा.

पंख्याची पाती स्वच्छ! फिल्टरमागे मीठ नाही. समोरच्या छोट्या कंट्रोल बोर्डावर, जो त्या तिघांहून वेगळा, डाग नाही. मीठ आत आलं असतं तर आधी पंख्याला लागलं असतं, मग पुढच्या बोर्डाला. तीन बोर्ड तेवढे निवडून खाल्ले मिठाने?

बाहेर ओढले. हा गंज चार दिवसांचा नव्हे. वर्षाचा आहे. चिपांचे पाय उघडे पडलेत, दोन चिपा कोणीतरी कधीच उपटलेल्या. आणि ठिपके नाहीत. एकाही कोपऱ्यात लाल ठिपका नाही.

हे माझे बोर्डच नाहीत!

कोणीतरी माझे काढले आणि मेलेले घातले. आणि मी अकरा वर्षांची कारागीर, बोर्ड बाहेर काढून बघितला नाही. शरमेने डोळे बांधले होते माझे. दीड महिना मी आयला सांगतेय, तुझा दोष नाही गं आय, माझा. दीड महिना ती बांगड्याला हात लावत नाहीये.

जितेश. दुसरा कोण? चावी आयच्या घरात खिळ्याला. खोली हवी होती तर तोंडाने मागायची ना! दिली असती रे!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बंदरावर गाठलं त्याला. जाळी काढत होता. सगळ्यांसमोर बोलले — चोर आहेस, बहिणीच्या पोटात सुरी घातलीस, बाबा असते तर थुंकले असते तुझ्यावर. बायका थांबून बघत होत्या. बघू देत!

तो आधी हसला, त्याला थट्टाच वाटली. मग पांढरा पडला. "ताई, मला त्याचा स्क्रू कुठला ते तरी माहितीय का? आणि हक्कसोड मी मागितलं होतं? भावोजी आले कागद घेऊन. मी म्हटलं, ताईची इच्छा असेल." मग एकदम ओरडला, "नको मला तुझी खोली! नको!"

काय नाटक. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

रामनाथला सगळं सांगितलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "जाऊ दे. जमिनीपुढे भाऊ असेच होतात." त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. एक माणूस तरी माझा आहे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

गेले नाही. सही केली नाही. रामनाथ म्हणत होता, कटकट मिटवून टाक. नाही म्हणजे नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

आय आली, एकटी, बसने. हातात करंज्यांचा डबा. फराळ ठेवला आणि लगेच म्हणाली, "जितेश दोन दिस जेवला न्हाय. त्याने केलं न्हाय गो. तो खोलीत गेलाच न्हाय."

मग कोण गेलं, आय?

"कोन न्हाय. गनपतीत जावई आलते तेवढे. म्हनाले, सुगंधाने मशीन साफ करायला पाठवलं. पिशवी होती हातात. मी चा केला त्यांना. तुला सांगितलं न्हाय त्यांनी?"

आयला दिवस लक्षात राहत नाहीत. जुलैतलं सांगत असेल, भोकं पाडायला आला होता तेव्हाचं. तेव्हाचंच असणार.

पण तेव्हा मी तिथे होते. चहा मी केला होता.

२२ ऑक्टोबर, पाडवा

नवा शर्ट घालून पाटावर बसला होता, ओवाळून घ्यायला. ताट हातात धरूनच विचारलं, गणपतीत उत्तनला कशाला गेला होतात?

खोटं बोलला नाही. म्हणाला, "मशीन बंद पडलं की तू घरी येशील वाटलं." आणि हक्कसोड? "खोलीच नसती तर परत कुठे गेली असतीस?" माझे बोर्ड कुठेत? "मेलेले भंगारातून आणून घातले. तुझे घोडबंदरला, खाडीत टाकले. विकले नाहीत हां. आईशपथ, एक पैसा घेतला नाही." वर मान करून बघत होता, मी काहीतरी बरं बोलेन म्हणून.

ताट देव्हाऱ्यात ठेवलं. तो अजून पाटावरच आहे.

उद्या भाऊबीज. कुठल्या तोंडाने जितेशच्या दारात जाऊ?